मातीविना काकडी: पिशवीतल्या झाडाला जेवण कोण वाढतं?

गेले काही महिने मोबाईल उघडला की एक जाहिरात हमखास समोर येते. पांढऱ्या कोटातला माणूस, मागे हिरव्यागार वेलांची रांग आणि खाली ठळक अक्षरांत ‘मातीशिवाय शेती, दहा गुंठ्यांत लाखोंची कमाई’. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी ती मला पाठवली आणि विचारलं, "हे खरं का रे? आणि मातीच नाही, तर ती काकडी खाते काय?"

पहिल्या प्रश्नाकडे शेवटी येतो. दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. सुपरमार्केटात प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली, गुळगुळीत, जवळजवळ बिनबियांची काकडी मिळते ना, तिच्यातल्या पुष्कळशा काकड्यांनी जमीन पाहिलेलीच नसते. पवन मावळात माझ्या मावसभावाचं, म्हणजे दादाचं, दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस आहे, प्लॅस्टिकच्या कागदाने झाकलेली शेड. तिथे पाच वर्षं या काकडीचे लाड आणि हाल दोन्ही बघतोय. पुढे जे सांगतो आहे ते बरंचसं दादाच्या शेडमध्ये उभं राहून कळलेलं आहे.

माती करते काय, ते आधी बघू

माती झाडाला खायला घालते असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं. झाड माती खात नाही. मातीतल्या पाण्यात विरघळलेले क्षार मुळं शोषून घेतात आणि बाकीचं शरीर झाड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून उन्हाच्या जोरावर बनवतं. झाडाला एकूण १७ मूलद्रव्यं लागतात. त्यांतली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवापाण्यातून येतात. उरलेली १४ मुळांवाटे आत गेली पाहिजेत. ती जमिनीतून आली की बादलीतून, याच्याशी मुळाला देणंघेणं नसतं.

मग मातीचं काम काय? ती झाडाला धरून ठेवते, पाणी साठवते, अन्न साठवते आणि कणांच्या फटींतून मुळांना हवा पुरवते. मुळांनाही श्वास लागतो, हे आपण फार विसरतो. पाणी साचलेल्या वाफ्यातलं रोप मरतं ते गुदमरून.

आणखी एक काम आहे, ते पुस्तकात सहसा लिहिलेलं नसतं. माती चुका पोटात घालते. खत थोडं जास्त पडलं तर धरून ठेवते, पाणी द्यायला दोन दिवस उशीर झाला तरी निभावून नेते. गावाकडच्या घरातल्या धान्याच्या कोठीसारखं आहे ते. बाजार चार दिवस बंद राहिला म्हणून चूल विझत नाही. मातीविना शेती म्हणजे हॉस्टेलची खोली. डबा वेळेवर आला तर उत्तम, नाही आला तर उपास.

ही एक तुलना डोक्यात ठेवली तरी पुढचं बरंचसं आपोआप समजेल.

मग एवढी गुणी माती सोडायची कशाला?

कारण पॉलिहाउसमध्ये ती लवकर आजारी पडते. उघड्या शेतात आपण पीक फिरवतो, उन्हाळ्यात नांगरट करून जमीन तापू देतो. पण लाखो रुपयांचा सांगाडा उभा केला की त्याखाली हरभरा घेणं परवडत नाही. तेच ते पीक, वर्षात तीनदा, तेही उबदार आणि ओलसर हवेत. सूत्रकृमींना याहून चांगलं आश्रयस्थान कुठे मिळणार? हे डोळ्यांना न दिसणारे किडे मुळांत शिरतात आणि मुळांवर गाठी येतात. त्यांच्या जोडीला मर रोगाची बुरशी. दादाने जरबेऱ्याचे जुने गादीवाफे काढून तिथेच काकडी लावली होती. दुसऱ्या पिकाला वेल दुपारी माना टाकायला लागले. एक उपटून पाहिला तर मुळांची नुसती रुद्राक्षाची माळ झालेली.

आपल्याकडे आणखी एक अडचण. काळी माती कपाशीला, ज्वारीला सोनं, पण पॉलिहाउसमध्ये ती चिकटून बसते, पाण्याचा निचरा होत नाही. म्हणून मावळात पॉलिहाउस उभं राहिलं की लाल मातीच्या गाड्याच्या गाड्या बाहेरून आणून ओतायची पद्धत पडली. म्हणजे ‘मातीतली’ म्हणवणारी पॉलिहाउसची शेतीसुद्धा मुळात विकतच्या मातीतलीच होती.

नेदरलँड्समध्येही काचघरांतल्या शेतकऱ्यांना याच दुखण्याने गाठलं होतं. तिथे पिकांच्या मध्ये माती वाफेने उकडत किंवा मिथाइल ब्रोमाइड नावाचा विषारी वायू जमिनीत सोडत. हा वायू ओझोनचा थर खातो, म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली तो पुढे टप्प्याटप्प्याने बंद झाला. डच मंडळींनी त्याआधीच, १९७० च्या दशकापासून, मातीला रामराम ठोकायला सुरुवात केली होती. अशा मातीविना शेतीला म्हणतात तो हायड्रोपोनिक्स हा शब्द त्याहून जुना. कॅलिफोर्नियातल्या विल्यम गेरिक या संशोधकाने तो १९३७ मध्ये रूढ केला. भारताला हे सगळं काल-परवा कळलं असंही नाही. शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास कालिम्पाँगला अशा शेतीचे प्रयोग सुरू केले होते.

पिशवीत नेमकं काय भरलेलं असतं?

हायड्रोपोनिक्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे पाइप आणि त्यांतून वाहणारं पाणी येतं. ते लेट्यूस-पालकाला ठीक. काकडीचा वेल तीन-साडेतीन मीटर चढतो, तहान मोठी, फळांचं ओझं मोठं. त्याच्या मुळांना धरायला काहीतरी लागतं. त्या ‘काहीतरी’ला माध्यम म्हणतात. त्याने झाडाला आधार द्यायचा, पाणी धरायचं, हवा खेळती ठेवायची आणि बाकी कशात नाक खुपसायचं नाही, एवढीच अपेक्षा.

आपल्याकडे ते म्हणजे कोकोपीट. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की जो भुसा उरतो तो. केरळ-तमिळनाडूत एके काळी याचे डोंगर साचायचे, कुणी विचारत नव्हतं. आता तोच दाबून पाच किलोच्या विटा करतात. पाण्यात टाकली की एकेक वीट फुगून सत्तरएक लिटर माल होतो. दादाकडे तो मीटरभर लांबीच्या पांढऱ्या पिशव्यांत भरलेला आहे. पिशवीला ग्रोबॅग म्हणतात. एका पिशवीत साधारण पंधरा लिटर माल आणि तीन वेल.

युरोपात रॉकवूल चालतं. खडक १५०० अंशांच्या वर तापवून वितळवायचा आणि साखरेच्या म्हातारीच्या केसांसारखे त्याचे धागे काढायचे. खडक कुठला? बहुतेक बेसाल्ट. म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा कातळच. तिसरं माध्यम पर्लाइट. ज्वालामुखीतून आलेली ही काच ८५०-९०० अंशांला तापवली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि दाणा लाहीसारखा फुलतो. लाह्या जशा हलक्या आणि पोकळ, तसंच हे.

कोकोपीटला मात्र एक खोड आहे. नारळाची सोडणं अनेक ठिकाणी मचूळ पाण्यात कुजवतात, शिवाय भुशात मुळातच सोडियम आणि पोटॅशियम भरपूर. हे क्षार कणांना चिकटून बसलेले असतात, लोकलमध्ये खिडकीची जागा धरून बसावं तसे. नुसत्या पाण्याने धुतलं तर दारात उभे असलेले उतरतात, बसलेले हलत नाहीत. मग आपण झाडासाठी कॅल्शियम देतो. कॅल्शियमचा विद्युतभार दुप्पट, त्यामुळे तो चढला की बसलेल्या सोडियम-पोटॅशियमला उठवून स्वतः जागा पकडतो. झाडापर्यंत कॅल्शियम पोचतच नाही, आणि उठलेला सोडियम मुळांपाशी गर्दी करतो. म्हणून लागवडीआधीच कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात कोकोपीट एक-दोन दिवस भिजवून मग धुऊन घ्यायचं. याला बफरिंग म्हणतात. स्वस्तात मिळालेलं न धुतलेलं कोकोपीट घेऊन पहिलंच पीक हातचं गेलेले लोक मी पाहिलेत.

ताट वाढायचं कसं?

आता डब्याकडे वळू. इथे दोन शब्द शिकावे लागतील, मग परत नवीन काही नाही.

पहिला शब्द ईसी. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज त्यातून सहज वाहते, म्हणून वीज किती वाहते ते मोजून क्षार किती आहेत ते ओळखायचं. मीटर पेनाएवढा असतो, पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो. काकडीला साधारण २ ते २.५ ईसीचं पाणी मानवतं. म्हणजे लिटरला दीडएक ग्रॅम क्षार. चव घेतली तर जेमतेम मचूळ. तुलनेला समुद्राच्या पाण्याचा ईसी ५० च्या आसपास असतो.

दुसरा शब्द पीएच, म्हणजे पाणी आंबट आहे की त्याउलट अल्कधर्मी ते. काकडीला किंचित आंबट, ५.५ ते ६ च्या दरम्यानचं पाणी हवं. पीएच सातच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही मुळाला मिळत नाही, आणि नवी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा पडतो त्यामागेही हेच कारण. आपल्या बोअरच्या पाण्याची गोम इथे आहे. ज्या पाण्याने स्वयंपाकघरातल्या पातेल्याला पांढरा थर बसतो, त्या पाण्यात बायकार्बोनेट भरलेलं असतं आणि ते पीएच वर ढकलत राहतं. मग त्यात मोजून नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल घालावं लागतं. ज्यांच्याकडे शेततळ्यात किंवा टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी आहे, त्यांचं निम्मं काम सोपं होतं. दादाने पॉलिहाउसच्या पन्हाळीचं पाणी तळ्यात वळवलंय. त्याच्या मते शेडमधली सगळ्यात फायद्याची गुंतवणूक तीच.

खतं दोन टाक्यांत असतात, ए आणि बी. सगळं एकाच टाकीत का नाही? कारण कॅल्शियम एकीकडे आणि सल्फेट-फॉस्फेट दुसरीकडे ठेवले नाहीत, तर दुधात लिंबू पिळल्यासारखी गत होते. घट्ट द्रावणात ते एकमेकांना भिडून जिप्समसारखा गाळ तळाशी बसतो. झाडाचं जेवण तळाला आणि ड्रिपर, म्हणजे ठिबकच्या तोट्या, चोंदलेले. पाण्यात शंभर पट पातळ झाल्यावर मात्र ते सुखाने एकत्र नांदतात. म्हणून दोन्ही टाक्यांतलं थोडं थोडं वाहत्या पाण्यात सोडायचं.

प्रमाण किती नाजूक असतं बघा. हजार लिटर पाण्यात नत्र साधारण २०० ग्रॅम लागतं, आणि मोलिब्डेनम? जेमतेम ५० मिलिग्रॅम. जिरं-मोहरी चिमटीने घालणाऱ्या आपल्या हाताला हा अंदाज नाही. इथे सोनाराचा काटा लागतो.

ड्रेनचा कॅन: सगळी विद्या इथे आहे

दादाच्या शेडमध्ये पाहुणा आला की तो वेलांचे फोटो काढतो. दादा स्वतः मात्र सकाळी आत शिरला की वेलांकडे बघतसुद्धा नाही. तो थेट तिसऱ्या ओळीतल्या एका पिशवीपाशी जातो. तिच्या खालच्या कापातून निथळणारं पाणी एका जुन्या पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये जमा होतं. शेजारी दुसरा कॅन, त्यात एका ड्रिपरची नळी सोडलेली. एका झाडाला किती पाणी दिलं ते या दुसऱ्या कॅनमध्ये दिसतं आणि पिशवीतून किती बाहेर आलं ते पहिल्यात. दोन्हींचं माप घ्यायचं, बाहेर आलेल्या पाण्याचा ईसी-पीएच बघायचा आणि दाराला टांगलेल्या वहीत लिहायचा. संपला डॉक्टरचा राउंड.

काकडीत दिलेल्या पाण्यापैकी २० ते ३० टक्के पाणी खालून निघून जायला हवं, यालाच ड्रेन म्हणतात. हे ऐकून सगळ्यांच्या कपाळावर आठी पडते, एवढं पाणी वाया? कारण आमटी. आमटी चुलीवर आटत राहिली की खारट होते, मीठ न वाढवता. कडक उन्हात झाड क्षारांपेक्षा पाणी जास्त ओढतं, आणि क्षार पिशवीत मागे उरतात. थोडं पाणी वाहून जाऊ दिलं नाही तर ते साचत जातात.

पहिल्या उन्हाळ्यात दादाने नेमकी हीच चूक केली. तळं आटत चाललं होतं, म्हणून त्याने ड्रेन जवळजवळ बंद केला. दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या, फळं वाकडी यायला लागली. झाड मलूल दिसतंय म्हणजे उपाशी असणार, असं म्हणून त्याने खत वाढवलं. झालं! ज्याला मिठाने तहान लागलीय त्याला लोणचं वाढल्यासारखं. तळेगावला फलोत्पादनाचं शिक्षण घेतलेला एक ओळखीचा मुलगा आला, त्याने ड्रेनच्या पाण्यात मीटर घातला. ईसीचा आकडा साडेचारच्या पुढे. मुलगा म्हणाला, "दादा, खत बंद करा. आज नुसतं हलकं पाणी पाजा." तीन दिवसांत वेल सावरला, पण तोडणीचा एक आठवडा गेलाच.

तेव्हापासून उन्हाळ्यात तो द्रावण उलट पातळ करतो. ऊन जास्त तर खत कमी, पाणी जास्त. थंडीत ढगाळ दिवस असतील तर खत थोडं घट्ट. मातीतल्या शेतकऱ्याच्या सवयीच्या हे बरोबर विरुद्ध आहे आणि हात वळायला वेळ लागतो.

वीज गेली तर?

हा प्रश्न सगळ्यात रास्त आहे. हिशेब करून बघू. मातीच्या वाफ्यात एका झाडाच्या वाट्याला साधारण दीडशे लिटर माती येते. पिशवीत पाच लिटर कोकोपीट, म्हणजे तिसाव्या हिश्शाची कोठी. भरात आलेला वेल उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, दुपारी तासाला पाव-अर्धा लिटर. म्हणून पाणी एकदम न देता दिवसातून दहा-पंधरा वेळा घोट घोट पाजतात. एप्रिलच्या दुपारी पंप तीन तास बंद राहिला तर वेल मान टाकतात, आणि मुळांची टोकं एकदा वाळली की नंतर भरपूर पाणी देऊनही झाड पूर्वीसारखं होत नाही. वाळलेल्या मुळांवर मग मूळकूज चढते.

त्यामुळे जनरेटर किंवा उंचावरची टाकी ही चैन नव्हे. दादाने टाकी शेडपेक्षा पाच मीटर उंच बांधली आहे, विजेशिवाय निदान साधं पाणी तरी जावं म्हणून. गर्मीचा दुसराही फटका आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. उन्हात तापलेल्या काळ्या नळीतलं पाणी म्हणजे मुळांना कमी श्वास. म्हणून पिशव्या बाहेरून पांढऱ्या आणि नळ्या सावलीत.

एवढ्या भानगडीत काकडीच का?

कारण ती झटपट आहे. रोप लावल्यापासून महिना-सव्वा महिन्यात तोडा सुरू, तीन-साडेतीन महिन्यांत पीक संपलं. चूक झाली तर वर्ष वाया जात नाही.

आणि दुसरं कारण तिचं लग्नच होत नाही, हे. उघड्या शेतातल्या काकडीला नर फुलातलं पराग मादी फुलावर नेणारी मधमाशी लागते. पॉलिहाउस जाळीने बंद, माशी येणार कुठून? म्हणून इथे अशा जाती लावतात ज्यांच्या वेलावर जवळजवळ सगळी फुलं मादी आणि परागाशिवायच फळ धरतं. म्हणून बिया नाहीत. माशी चुकून आत शिरलीच आणि बाहेरच्या काकडीचे पराग घेऊन आली तर फळ एका टोकाला फुगून गदेसारखं होतं आणि व्यापारी ते बाजूला काढतो. पांढऱ्या माशीला अडवायला लावलेली जाळी मधमाशीलाही अडवते, हे दादाच्या पथ्यावरच पडतं. अशा जाती बहुतेक परदेशी कंपन्यांच्या असत, बियाणं नगावर विकलं जाई. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने आता ‘पुसा पार्थेनोकार्पिक काकडी-६’ ही आपली जात दिली आहे. काकडीचे रानटी नातेवाईक हिमालयाच्या पायथ्याशी वाढतात हे लक्षात घेता, लेक माहेरी आली म्हणायची.

"म्हणजे ही केमिकलवालीच ना?"

काकांचा पुढचा प्रश्न हाच होता. याला दोन भाग आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

खतांपुरतं बोलायचं तर, शेणखत घातलं तरी जिवाणू ते फोडून त्याचं नायट्रेट करतात आणि मूळ मुख्यतः तेच नायट्रेट पितं. पोत्यातलं नायट्रेट वेगळं नसतं. शेणखताचा मोठेपणा मातीच्या तब्येतीत आहे, आणि इथे माती नाहीच. नायट्रेट भाजीत साठण्याची भीती पालेभाज्यांत जास्त, काकडीत कमी. पण म्हणून तिला सेंद्रिय म्हणून विकणं मला पटत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत मातीविना शेतीला सेंद्रिय म्हणताच येत नाही. सेंद्रिय शेतीचा आत्मा जमीन आहे, ही त्यांची भूमिका मला सरळ वाटते.

फवारणीची गोष्ट वेगळी. मातीतून येणारे रोग टळले, पण भुरी, केवडा, फुलकिडे, लाल कोळी हे पानांवर येतात आणि त्यांना पिशवीत काय भरलंय याचं सोयरसुतक नसतं. ‘हायड्रोपोनिक म्हणजे विषमुक्त’ ही जाहिरातबाजी आहे. उलट काकडीत एक जास्तीचा धोका आहे. औषध फवारल्यावर ठरावीक दिवस तोडणी करायची नसते, आणि काकडी तर दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती फुगून दुधीसारखी होते. पाच दिवस थांबा असं डब्यावर लिहिलं असेल तर थांबणार कोण? प्रामाणिक शेतकरी पिवळे-निळे चिकट सापळे, जैविक बुरशी, मित्रकीटक यांच्यावर भर देतो आणि वही ठेवतो. विकत घेताना ‘कशात वाढवली’ यापेक्षा ‘शेवटची फवारणी कधी आणि कशाची’ हे विचारणं जास्त उपयोगाचं. अर्थात बाजारात हे विचारायची सोय नाही, हे मलाही माहीत आहे.

चवीचं म्हणाल तर काकडीत ९५ टक्के पाणीच असतं, कुठेही वाढवा. या जाती सहसा कडू निघत नाहीत, त्यामुळे टोक कापून घासून चीक काढायचा आजीचा सोहळा इथे लागत नाही. पण कोशिंबिरीला मला अजून गावठी काकडीच आवडते. आणि कोकणातली मोठी पावसाळी काकडी म्हणजे तवसं, ज्याचा तवसाळं हा गोड केक होतो, त्याची जागा ही सडपातळ बाई घेणार नाही. किसली की नुसतं पाणी.

पाणी खरंच वाचतं का?

दहा गुंठ्यांत साधारण २,५०० वेल. प्रत्येकाने दिवसाला दोन लिटर प्यायचं, शिवाय पाव हिस्सा ड्रेन, म्हणजे रोज सुमारे ६,७०० लिटर द्यावं लागतं आणि त्यातलं १,७०० लिटर खालून निघतं. पाटपाण्याच्या मानाने हे फार कमी आहे. पण मातीत चांगलं ठिबक केलं तरी बरीचशी बचत होतेच. म्हणजे श्रेय सगळं पिशवीचं नाही.

आणि त्या १,७०० लिटरचं काय? त्यात रोज तीनशे-साडेतीनशे ग्रॅम नत्र असतं. पाऊण किलो युरिया रोज ओढ्यात ओतावा, तेवढं. नेदरलँड्समध्ये हे पाणी गोळा करून, अतिनील किरणांनी किंवा उष्णतेने निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. बाहेर सोडण्यावर कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे यंत्र महाग, शिवाय पाण्यात मुळातच सोडियम असेल तर फिरवून फिरवून तो वाढत जातो. दादाने मधला मार्ग काढलाय. ड्रेनचं पाणी एका खड्ड्यात घेतो आणि पंपाने बाहेरच्या नेपियर गवताला देतो. दोन म्हशींचा चारा त्यावर निघतो. पण पावसाळ्यात गवताला पाणी नको असतं, तेव्हा ते पाणी कुठे जातं हे मी त्याला विचारलं. तो हसला आणि वेलाची दोरी ओढायला लागला.

बरं, ते लाखोंचं काय?

ठीक जमलं तर एका वेलाला चार किलो माल धरा. २,५०० वेलांचे एका पिकात १० टन. म्हणजे बाजारात दर किलोला १० रुपयांनी हलला, तर एकाच पिकात १ लाख रुपये येतात किंवा जातात. तुमचा ईसी, पीएच, बफरिंग सगळं अचूक असूनही. जाहिरातीत नेहमी चढ्या दराचा गुणाकार असतो. नेदरलँड्समध्ये चौरस मीटरला वर्षाकाठी सत्तरएक किलो काकडी निघते. दादाची तिन्ही पिकं साधली तर तीस. तो आकडा दाखवून इथलं गणित मांडणारा माणूस तिथली काच, गॅसवरची ऊब आणि जास्तीचा कार्बन डायऑक्साइड हे सांगायला विसरतो. आपल्याला ऊब नको, थंडावा हवा, आणि तो जास्त महाग पडतो.

पॉलिहाउसला एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून ठरवून दिलेल्या खर्चाच्या ५० टक्के अनुदान मिळतं, पण ते साधारणपणे काम पूर्ण झाल्यावर. तोवर कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. प्लॅस्टिकचा कागद तीन-चार वर्षांत बदलावा लागतो, वादळाने फाडला तर आधीच. आणि ‘रोपं आम्ही देऊ, माल आम्हीच घेऊ, तुम्ही फक्त पैसे गुंतवा’ असं म्हणणाऱ्याला एकच विचारा, मागच्या वर्षी कुणाचा किती माल कुठल्या दराने घेतला, त्याच्या पावत्या दाखवा.

काकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग गच्चीत दोन पिशव्या लावून बघू का?" हे मात्र जरूर करावं. एक धुतलेलं कोकोपीट, बाजारात मिळणारं तयार ए-बी खत, हजारभर रुपयांचा ईसी मीटर आणि पिशवीखाली एक वाडगा. वाडग्यातलं पाणी रोज मोजायचं. महिनाभर ते न कंटाळता केलं तर पुढच्या गप्पा.

माध्यम दीड-दोन वर्षांत बदलावं लागतं, मग ते दबतं आणि हवा खेळत नाही. दादाकडचं जुनं कोकोपीट गेल्या मे महिन्यात बांधावरच्या आंब्यांच्या खड्ड्यांत गेलं. रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या अजून शेडच्या मागे ताडपत्रीखाली आहेत. भंगारवाला दोनदा आला, बघून परत गेला.